एक रात्र फुकट, अटी लागू

नाशकात घर असणं म्हणजे काय असतं ते नाशकात घर असणाऱ्यालाच कळतं. त्र्यंबकला नारायण नागबळी करायचाय, वणीला देवीची ओटी भरायचीय, शिर्डीला जाताजाता एक रात्र टेकायचंय, कुणाच्या अस्थी रामकुंडात न्यायच्यात, आणि हल्ली सुलाला जाऊन द्राक्षाच्या मळ्यात फोटो काढायचेत. कारण कुठलंही असो, मुक्काम आमच्याकडे. २०१५ च्या सिंहस्थात आमच्या इंदिरानगरच्या टू बीएचकेत इतकी माणसं होती की नवरा गॅलरीत झोपायचा आणि सकाळी दूधवाला आधी त्यालाच हलवून विचारायचा, आज किती लिटर.

मग साहजिकच आम्ही कुठे गेलो की आम्हीपण कुणाकडे तरीच उतरणार. मुंबईत दादरला सासूबाईंची धाकटी बहीण, म्हणजे माईमावशी, पुण्यात कोथरूडला नणंद, नागपूरला नवऱ्याचे मामा. हॉटेलात कोण उतरतं, तर ज्याचं त्या गावात कोणी नाही तो, हे सासूबाईंचं ठाम मत, आणि नवऱ्याचंही तेच, फक्त तो ते खर्चाच्या भाषेत बोलतो. एका रात्रीचे आठ हजार? झोपायचेच ना फक्त?

अशा घरात मी हॉटेलचं क्रेडिट कार्ड आणलं.

हे खूळ डोक्यात घातलं माझ्या मावसभावानं. दादा डॅलसला असतो, दर दोन-तीन वर्षांनी येतो आणि आला की सोफ्यावर मांडी घालून लॅपटॉप उघडून एक्सेल दाखवतो. लोक मुलांचे फोटो दाखवतात, हा कार्डांची यादी दाखवतो. तिकडे हॉटेलच्या मोठ्या साखळ्या बँकांबरोबर मिळून कार्डं काढतात, मॅरियटची चेस आणि अमेरिकन एक्सप्रेस दोघांकडे, हिल्टनची अमेरिकन एक्सप्रेसकडे, हयात आणि आयएचजीची चेसकडे. कार्ड घेतलं की पहिल्या ३ महिन्यांत ठरलेला खर्च करायचा, ३,००० डॉलर म्हणा, कधी जास्त, तो झाला की ज्यांच्या बदल्यात खोली मिळते अशा पॉइंटांचा एकदम ढीग खात्यात, नाहीतर सरळ फुकट रात्री. मॅरियटच्या एका कार्डावर मध्यंतरी ५ रात्रींची ऑफर होती. वर्षाची फी बऱ्याच कार्डांची १०० डॉलरच्या आतबाहेर आणि ती भरली की दरवर्षी एक रात्र परत मिळते, म्हणजे त्याच्या मते फी ही फी नाहीच.

अर्थात बँका काही खुळ्या नाहीत. चेसचा ५/२४ म्हणून एक नियम आहे, मागच्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून ५ किंवा जास्त नवी कार्डं घेतली असतील तर चेस नवं कार्ड देत नाही, हा नियम बँकेनं स्वतः जाहीर केलेला नाही पण या नादातल्या प्रत्येकाला तो पाठ असतो. अमेरिकन एक्सप्रेस तर एका प्रकारच्या कार्डाचा वेलकम बोनस, म्हणजे तो सुरुवातीचा ढीग, जन्मात एकदाच देते. मग लोक काय करतात तर बायकोच्या नावानं काढतात. दादा वहिनीकडे बोट दाखवून म्हणाला ही प्लेअर टू, आणि वहिनी म्हणाली मला फक्त ओटीपी सांगायला बोलावतात.

सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे पूर्वी लोक घर एकच पण रेशनकार्डं दोन काढून साखर दुप्पट उचलायचे, तसलंच की रे हे." दादा हसला पण त्याला उत्तर देता आलं नाही, कारण आहेच तसलंच.

मी सातपूरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, त्यामुळे फुकट म्हटलं की माझा पहिला प्रश्न, एंट्री कुणाच्या नावे पडते? दादाला हे नीट सांगता येईना म्हणून मीच वाचत बसले. विमानकंपन्यांनी आधी सुरू केलं, अमेरिकन एअरलाइन्सची योजना १९८१ ची, आणि हॉटेलवाले, हॉलिडे इन आणि मॅरियट, दोघंही १९८३ ला त्यात उतरले. तेव्हा साधा हिशोब होता, जो सारखा आमच्याकडे येतो त्याला एखादी रात्र आमच्याकडून. आताचा हिशोब वेगळाय. बँक हॉटेलच्या साखळीकडून पॉइंट घाऊक भावात विकत घेते आणि आपल्याला वाटते. साखळीची स्वतःची इमारत बहुतेक वेळा नसतेच, इमारत कुणा तिसऱ्याची, वर नाव फक्त साखळीचं. आपण पॉइंटवर झोपून आलो की त्या मालकाला साखळीच्या फंडातून पैसे मिळतात, हॉटेल रिकामं असेल तर थोडके, जवळपास भरलेलं असेल तर चालू भावाच्या आसपास. म्हणजे रिकाम्या खोलीवर मालकाला चार पैसे मिळतात, साखळीला पॉइंट विकून मिळालेलेच असतात, तोटा कुणाचाच नाही.

मग बँक कुठून आणते? थोडं दुकानदाराकडून, प्रत्येक स्वाइपमागे टक्का-दोन टक्के. थोडं फीमधून. आणि उरलेलं, जे खरं जाडजूड आहे ते, बिल पूर्ण न भरणाऱ्यांकडून. अमेरिकेत क्रेडिट कार्डांवरची एकूण बाकी २०२३ मध्ये १ ट्रिलियन डॉलरच्या वर गेली. आपल्याकडे व्याज महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के, त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी. आणि एकदा का बाकी ठेवली की बिनव्याजी दिवसांची सवलत जाते, नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे कुठलाही कार्ड विकणारा पोरगा मॉलमधल्या टेबलामागून सांगत नाही. आमच्या ऑफिसात एकजण दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरतो आणि म्हणतो, भरलं ना वेळेवर. माझ्या फुकट रात्रीचं भाडं असाच कोणीतरी भरत असतो. हे मला टोचतं. पण इतकंही नाही की कार्ड परत करीन, खोटं कशाला बोला.

तर आपल्याकडचं. आपल्याकडे ही मजा बरीच बारीक अंगाची आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मॅरियट बॉनव्हॉय एचडीएफसी कार्ड आलं, देशातलं हॉटेलसाखळीचं पहिलं को-ब्रँड कार्ड म्हणून त्याची जाहिरात झाली. फी ३,००० आणि वर जीएसटी ५४०. त्याच्या बदल्यात एक फ्री नाइट अवॉर्ड, म्हणजे ज्या खोलीला त्या दिवशी १५,००० पॉइंटांपर्यंत लागतात अशी एक रात्र, वर्षाच्या आत वापरायची. शिवाय सिल्व्हर एलिट नावाचा मान, ज्यात ब्रेकफास्ट मिळत नाही. आणखी रात्री हव्या असतील तर वर्षाला ६ लाख खर्च करा, मग ९, मग १५. मी म्हटलं इतका खर्च करणारा माणूस फुकट रात्र कशाला शोधेल, पण दादा म्हणतो तोच तर शोधतो.

थोडक्यात ३,५४० रुपयांत एक रात्र. फुकट नाहीच, आगाऊ पैसे भरलेली. हे मला पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं, घरी मात्र मी शब्द फुकटच वापरला आणि त्याचं कारण पुढे येईलच.

खर्चाचं एक सांगते कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. साध्या खरेदीला दर १५० रुपयांमागे २ पॉइंट. भांडीबाजारात गेले, लग्नाच्या आहेराची भांडी, बिल १०,०००, मी कार्ड काढलं तर दुकानदार म्हणाला ताई दोन टक्के लागतील, यूपीआय करा ना. खरं तर ग्राहकाकडून असं वरचं घ्यायला नको, पण त्याचीही बाजू आहे, जानेवारी २०२० पासून बँकखात्यातून केलेल्या यूपीआयवर त्याला काहीच कापून जात नाही आणि कार्डावर जातं. मी उभ्याउभ्या हिशोब केला, १३२ पॉइंटांसाठी २०० रुपये. यूपीआय केलं, निघाले. ज्याला असा उभ्याउभ्या हिशोब करायचा कंटाळा आहे त्यानं या वाटेला जाऊच नये असं माझं मत आहे. दोनशे रुपये देऊन पॉइंट घेणारे आणि बोनसचा टप्पा गाठायला नको असलेला मिक्सर घेणारे, हे दोघे बँकेचे लाडके.

आणि टप्प्यात काय धरतात काय नाही ते आधी वाचावं. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे हे बऱ्याच कार्डांवर धरत नाहीत. नवऱ्यानं एका वेगळ्याच बँकेचं कार्ड घेतलं होतं, टप्पा गाठायला गाडीचा आणि दोघांचा विमा त्यावर भरला, बोनस काही येईना, कस्टमर केअरला फोन लावला तर प्रत्येक वेळी नवा माणूस आणि प्रत्येक वेळी ४८ तासांत कळवतो. शेवटी कळलं विमा मोजत नाहीत. नवरा इतका चिडला की कार्डच बंद करायला निघाला, तर ते बंद करायलाही चार ठिकाणी फिरवलं, मग मी त्याला रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम काढून दिला, बाकी काही नसेल तर अर्ज केल्यापासून ७ कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायलाच लागतं, नाहीतर पुढे दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला. मेलमध्ये तेवढी एक ओळ टाकली आणि काम झालं. ही एक ओळ लिहून ठेवा, कामाला येते.

सिबिलबद्दल, म्हणजे आपल्या उधारी फेडण्याच्या स्कोअरबद्दल, लोक फार घाबरतात. नवं कार्ड मागितलं की चौकशीची नोंद पडते, स्कोअर थोडा हलतो, वेळेवर पूर्ण भरत राहिलं की परत येतो. घरासाठी कर्ज काढणार असाल तर त्या आधीच्या काही महिन्यांत नवी कार्डं मागत बसू नका, बस.

आता मूळ गोष्ट. सासूबाई धाकट्या दिराकडे मेलबर्नला निघाल्या. विमान पहाटेचं, मुंबईहून. नाशिककरांचं हे कायमचं दुखणं आहे, ओझरला विमानतळ आहे पण परदेशी जायचं तर मुंबईच गाठायची. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ ला सुरू झाला, त्यामुळे कसारा घाटातली रखडपट्टी वाचते हे खरं, पण भिवंडीच्या पुढे काय वाढून ठेवलंय हे कुणी सांगावं. त्यामुळे आदल्या दिवशीच निघायचं आणि माईमावशीकडे दादरला टेकायचं, हे न बोलता ठरलेलं होतं.

मी म्हटलं विमानतळाजवळ हॉटेलात राहू. घरात शांतता. नवरा ॲप बघून म्हणाला टॅक्स धरून दहा हजार दाखवतंय, वेड लागलंय का. सासूबाई म्हणाल्या, "आणि माईला काय सांगायचं? तुझ्या दाराशी आलो पण हॉटेलात उतरलो?"

तेव्हा मी म्हटलं, फुकट आहे. कार्डावर मिळालेली रात्र आहे आणि पुढच्या महिन्यात ती संपतेय, वापरली नाही तर वाया जाणार.

वाया जाणार म्हटल्यावर सगळं बदललं. आमच्या घरात शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, साडी फाटली की गोधडीत जाते, तिथे एक अख्खी खोली वाया जाऊ देणं कुणाला झेपणार? सासूबाईंनी स्वतः माईमावशीला फोन लावला. मी कान देऊन होते. "अगं हिला ते बक्षीस लागलंय हॉटेलचं, महिन्यात संपतंय म्हणे, वाया कशाला घालवायचं." आणि माईमावशी, जी आम्ही पैसे देऊन हॉटेलात उतरलो असतो तर निदान दिवाळीपर्यंत बोलली नसती, ती म्हणाली, हो हो, वाया नका घालवू.

ह्या कार्डांची खरी किंमत मला त्या फोनवर कळली. दादाच्या एक्सेलमध्ये एका पॉइंटची किंमत किती सेंट याचा कॉलम आहे, पण हा कॉलम त्यात नाही. आमच्यासारख्या घरांना आठ-दहा हजार परवडत नाहीत असं नाहीये, लग्नात त्याच्या कितीतरी पट आईस्क्रीमच्या काउंटरवर जातात. स्वतःच्या आरामासाठी ते देणं जमत नाही, बस. कुणीतरी बक्षीस म्हणून दिलं, त्याला तारीख लावली, की मग तो आराम उरत नाही, ते वाया जाऊ न देण्याचं कर्तव्य होतं. ३,५४० मी महिन्यांपूर्वीच भरले होते, बिलात कुठेतरी बुडून गेले होते, त्यांचं दुःख त्या रात्री कुणालाच नव्हतं.

हॉटेल कसं होतं ते विचारू नका, विमानतळाजवळची सगळी एकसारखीच असतात. काउंटरवरच्या मुलानं कार्ड मागितलं तशा सासूबाई पुढे सरकल्या, "बाळा, फुकट आहे ना मग कार्ड कशाला?" तो बिचारा मराठीच निघाला, म्हणाला आजी, पैसे कापत नाही, थोडी रक्कम ब्लॉक होते, फ्रिजमधलं काही घेतलं तर म्हणून. झालं. खोलीत गेल्यागेल्या त्यांनी त्या छोट्या फ्रिजपुढे आमची बॅग आडवी लावली, चुकून कुणाचा हात जायला नको. जेवायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा घरूनच होतं. किटलीत चहा केला, दुधाची ती पुडी फोडून बघितली, वास घेतला, बाजूला ठेवली आणि कोरा प्यायल्या.

आणि आंघोळ दोनदा केली. एकदा पोचल्यावर आणि एकदा निघताना पहाटे अडीचला. माईमावशीकडे दादरला एक मोरी आणि सात माणसं, तिथे पाहुण्यानं सगळ्यात आधी किंवा सगळ्यात शेवटी उरकायचं असतं, आणि पाणी जाण्याच्या आत. इथे बाहेर कुणी रांगेत नव्हतं. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता, मधेच अथर्वशीर्ष, नवरा दोनदा दार वाजवायला उठला आणि मी दोन्ही वेळा त्याला बसवलं.

निघताना मी बॅगा बाहेर काढतेय तर ह्या आत चादरी ओढून घड्या घालतायत. कप विसळून उपडे ठेवलेले. टॉवेलच्या घडीवर पन्नासची नोट. खाली येऊन पर्समधून चिवड्याचं पाकीट काढलं आणि त्या काउंटरवरच्या मुलाच्या हातात कोंबलं, नाशिकचा आहे म्हणाल्या, खा. कुणाकडे राहिलं आणि तसंच उठून आलं असं त्यांनी आयुष्यात केलेलं नाही, मग ते घर असो नाहीतर मॅरियट.

ह्यावरून गाडीत मी आणि नवऱ्यानं परत येताना माईमावशीच्या मुक्कामाचा हिशोब मांडला. द्राक्षाची पेटी, दोन किलो चिवडा, मावशीला साडी, नातवंडांच्या हातावर नोटा, खाली टॅक्सीला वेगळे. ३,५४० सहज पार. आणि त्यावर ते लोक नाशकात येणार तेव्हाचं वेगळंच, ते खातं तर कधी बंदच होत नाही आणि त्याला एक्सपायरीही नाही. नवरा म्हणाला पण माईमावशी रात्री मटकीची उसळ करते. ते आहेच. त्या बाबतीत सिल्व्हर एलिटला काही मिळत नाही.

पॉइंटांचं एक वाईट म्हणजे त्यांचा भाव कधीही हलतो. कुठल्या हॉटेलला किती पॉइंट लागतील याचा ठरावीक तक्ता मॅरियटनं मार्च २०२२ पासून काढून टाकला, आता तारखेप्रमाणे खोलीला लागणारे पॉइंट खालीवर होतात, गर्दी असेल तेव्हा जास्त. हिल्टननं तर तक्ता २०१७ लाच गुंडाळला होता. हयातनं तक्ता ठेवलाय, पण गर्दीच्या दिवसांचे दर त्यातही वेगळे. त्यामुळे पॉइंट साठवून ठेवणाऱ्यांचं मला कळत नाही. आले की वापरा. कांदा चाळीत ठेवणाऱ्याला निदान भाव चढायची आशा असते, पॉइंटाचा भाव फक्त उतरतो.

आणि आता पुढचा घोळ आमच्याच दाराशी आहे. सिंहस्थ येतोय, २०२६-२७. नातेवाइकांचे फोन सुरू झालेत, काहींनी तर पर्वणीच्या तारखा पण कळवल्या, जणू आम्हालाच माहीत नाहीत. दादाचाही मेल आला, सगळे येतोय, पण तुम्हाला त्रास नको, मुंबई नाक्यावरच्या मॅरियटच्या कोर्टयार्डमध्ये पॉइंटवर उतरतो, आतापासून नजर ठेवून आहे. पर्वणीला तिथे किती पॉइंट मागतील देव जाणे, पण त्याच्याकडे प्लेअर टू पण आहे.

मला वाटलं सासूबाई खूश होतील, त्या स्वतः राहून आल्यात, मेलबर्नहून फोनवर दिराच्या सगळ्या मित्रांना त्या बाथरूमचं सांगून झालंय. तर नाही. "घर असताना हॉटेलात? तुझ्या माहेरचा माणूस, लोक मला काय म्हणतील?" मी म्हटलं आई, फुकट आहे त्याला. "असू दे. त्याची रात्र काही पुढच्या महिन्यात संपत नाहीये."

आता दादाला कळवलंय की कुठलीतरी संपत आलेली रात्र शोधून ठेव. त्यानं एक्सेलमध्ये नवा कॉलम टाकलाय म्हणे.